रोजचीच दुआ

ही गोष्ट सांगायचं मी गेली काही वर्षं टाळत आलो. बायको विचारायची, "मौलाना असे मध्येच का हो गेले?" मी म्हणायचो, "गावाची ओढ." मुलानं विचारलं तर म्हणायचो, "कमिटीचं राजकारण, तुला नाही कळायचं." मीच त्या कमिटीचा सेक्रेटरी होतो, हे तो सभ्यपणानं बोलून दाखवत नसे. आता पंचाहत्तरी उलटली. गुडघे बदलले, दात बदलले, चष्मा तर दर वर्षी बदलतो. ही एकच गोष्ट आत आहे तशीच पडून आहे. ती आता नीट सांगून टाकतो.

मी दापोलीकडचा कोकणी मुसलमान. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आणि अंधेरीतल्या आमच्या मशिदीच्या ट्रस्टवर आलो. मशीद बाजाराच्या मागे आहे. एका अंगाला बँक, दुसऱ्या अंगाला जुनी सोसायटी. ट्रस्टचा एक दवाखाना आहे, त्यात डायलिसिसची मशिनं आहेत. सकाळी तिथल्या बाकावर बसलं की सोसायटीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची खुशाली कळते. जोशीकाकू, शेखचाचा, डिसोझाबाई, सगळे हाताला नळी लावून एकाच टीव्हीवरच्या मालिकेला शिव्या घालत असतात.

ट्रस्टमधले बाकीचे सगळे उत्तर प्रदेशातून आलेले. धंद्यात हुशार, पण सरकारी मराठी कागद दिसला की घाम फुटणारे. त्यामुळे पालिका, पोलीस चौकी, वीज कंपनी अशी सगळी बोलणी माझ्याकडे. अध्यक्ष मला 'मराठी खातं' म्हणायचे. लोखंडी सामानाचं मोठं दुकान होतं त्यांचं. मला ते आवडायचं. निवृत्त मास्तराला कोणी खातं म्हणावं, ही काही लहान गोष्ट नाही.

आता थोडं धर्माचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुन्नींतच वेगवेगळे पंथ आहेत. आमच्या मशिदीतले नमाजी बहुतेक हनफी. आम्ही कोकणी शाफई. फरक म्हणाल तर भावाभावांत असतो तेवढा. आम्ही आमीन मोठ्यानं म्हणतो, ते मनातल्या मनात. आम्ही तिसऱ्या आणि कालवं मिटक्या मारत खातो, त्यांच्यात ती चालत नाहीत, ते आमच्या ताटाकडे काळजीनं बघतात. आणि आणखी एक. पहाटेच्या, म्हणजे फजरच्या, नमाजेत शेवटाकडे आम्ही हात उचलून उभ्यानं एक दुआ मागतो. तिला कुनूत म्हणतात. आमच्याकडे ती रोज असते, दात घासण्याइतकी रोज. हनफी मशिदीत पहाटे ती नसते. कुठे युद्ध झालं, माणसं मारली जाऊ लागली, मोठं संकट कोसळलं, तरच ते पहाटे ही दुआ सुरू करतात. शब्द जवळजवळ तेच. पण ती सुरू झाली, की मशिदीनं त्या संकटाबद्दल तोंड उघडलं असं लोक समजतात.

हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

तेव्हा गाझामधलं युद्ध चालू होतं. आमच्या मीटिंगमध्ये ते नाव कोणी घेत नसे. सगळे 'तिकडचं' म्हणायचे, लग्न मोडलेल्या घरात व्याह्यांबद्दल बोलतात तसं. दर शुक्रवारच्या आधी चौकीचे साहेब चहाला येऊन सांगून जायचे, "बघा मास्तर, नमाज पढा, भाषण नको. वरून विचारतात आम्हाला." नमाजी दुसऱ्या बाजूनं विचारायचे, "आपली मशीद गप्प का?" ट्रस्टच्या दवाखान्याचे डॉक्टर कमिटीवर होते, तरुण आणि तापट. त्यांचं म्हणणं, निदान एक निवेदन काढावं. अध्यक्षांनी निवेदनाला हो म्हटलं आणि मग त्याला कापायला बसले. नाव नको, देश नको, 'निषेध' नको, 'चिंता'सुद्धा जरा जास्त होते. समोसे संपेपर्यंत पानभर मजकुराचं एवढंच उरलं: 'अल्लाह सबको अमन दे.'

"ये तो ट्रक के पीछे भी लिखा होता है," डॉक्टर म्हणाले.

"तो ट्रकवाले को कभी किसी ने पकड़ा?" अध्यक्षांनी विचारलं.

त्यांना भित्रे म्हणू नका. त्यांचं गणित सरळ होतं. दवाखान्याच्या वरच्या मजल्याची परवानगी अडकलेली होती. उद्या काही वेडंवाकडं झालं आणि मशिनं बंद पडली, तर जोशीकाकूंचं काय, शेखचाचांचं काय? "हमारे बोलने से वहाँ एक गोली कम होगी क्या?" ते म्हणायचे. यावर डॉक्टर जास्तच चिडायचे. शेवटी ठरलं. मशीद काही बोलणार नाही. शुक्रवारी 'तमाम मज़लूमों के लिए', म्हणजे सगळ्या पीडितांसाठी, एवढी दुआ व्हायची, तेवढीच.

त्याच सुमाराला आमचे इमामसाहेब मुलीच्या लग्नासाठी गावी जाणार होते. महिना-दोन महिने बदली माणूस हवा होता. मी हर्णैजवळच्या एका खेड्यातले मौलाना आणले. माझ्या आईच्या माहेराकडचे. पन्नाशीचे, गोल, सदा हसरे, चालताना लुंगी एका हातानं सावरणारे. आवाज असा की अजान ऐकून सोसायटीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "हे नवीन बरे आहेत हो. जुने जरा घाई करायचे."

मौलानांना ही जागा हवी होती, आणि का हवी होती हेही मला ठाऊक होतं. अध्यक्षांनी शब्द दिला होता, काम पसंत पडलं तर नायब इमाम म्हणून कायम करू. नायब इमामाला मशिदीच्या आवारात खोली मिळते. मौलानांची मुलगी बारावीला विज्ञानात चांगल्या मार्कांनी पास झाली होती. अंधेरीच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळत होता, पण मुंबईत राहायचं कुठे? ती खोली म्हणजे त्या मुलीचं कॉलेज होतं. मौलाना येताच खोली बघून आले, खिडकी उघडझाप करून पाहिली आणि मला म्हणाले, "टेबल इथं मावेल ना मास्तर? उजेड डाव्या हाताला पायजे तिला."

आले त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही वर्सोव्याला मासळी आणायला गेलो. मौलानांना बाजारात नेणं हा एक कार्यक्रम होता. पापलेटाचा कल्ला उचलून ते असं बघायचे, की डॉक्टरांनी शिकावं.

"कालचा आहे," ते कोळिणीला म्हणाले.

"कालचा तू असशील," ती म्हणाली. "आन दाढी बघून भाव कमी व्हनार नाय, आधीच सांगते."

"दाढी पांढरी आहे, त्याचे तरी दहा रुपये कमी कर."

"माझा नवरा टकला हाय, त्याचे वीस वाढव मग."

पापलेट घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा त्यांनी मला विचारलं. पिशवी या हातातून त्या हातात घेत, अगदी सहज.

"मास्तर, इथले सगळे हनफी. फजरला कुनूत सोडू ना मी? दुसऱ्याच्या मशिदीत सोडावी, अशी अदब आहे आपल्यात."

मी म्हणालो, "म्हणा हो. अब्बा गेल्यापासून ऐकली नाही मी. इथं कोण ऐकवणार?"

"कमिटीला विचारायला नको?"

"कमिटी कोण? मीच तर सेक्रेटरी."

ते हसले. "मग झालं तर."

दुसऱ्या पहाटे त्यांनी हात उचलले आणि कुनूत सुरू केली. मी डोळे मिटले. अब्बांच्या मागे उभा राहायचो तो आमचा लहानसा दगडी मशिदीचा ओटा, ओल्या सदऱ्यांचा वास, पलीकडे समुद्र. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग लक्षात आलं, माझ्या शेजारचा माणूसही रडतोय. पुढच्या रांगेतून हुंदका आला. नंतर तर सगळीकडून. मला वाटलं, आवाजच तसा आहे, प्रत्येकाला आपापलं गाव आठवलं असणार. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं की माणूस असा होतो, सगळीकडे त्याला गावच दिसतं.

बाहेर चपला घालताना एका शिंप्यानं मला मिठी मारली. "मास्तर, आख़िर हमारी मस्जिद बोली. आप लोगों ने हिम्मत की."

तेव्हा उजेड पडला. तेव्हाच, त्याच जागी, मी सांगायला हवं होतं, की बाबांनो, हे आमचं रोजचंच आहे, यात हिंमत कसली. मी चपलेचा पट्टा बसवत म्हणालो, "अल्लाह क़बूल करे."

कोणाकोणाचे हात हातात घेतले मी त्या सकाळी. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. सत्तर वर्षांत मला कोणी धाडसी म्हटलं नव्हतं, शाळेत तपासणीचे साहेब आले की माझा खडू मोडायचा. मला ते दोन दिवस फार आवडले. हे लिहायला सगळ्यात जड आहे.

तोवर कोणीतरी मोबाइलवर आवाज टिपून पुढे पाठवला होता. दुसऱ्या पहाटे जोगेश्वरीहून माणसं आली, तिसऱ्या पहाटे कुर्ल्याहून. एरवी फजरला दीड रांग होते, तीही थंडीत एक. आता बाहेर चटया टाकाव्या लागल्या. अध्यक्ष स्वतः फजरला आले. लोकांना वाटलं पाठिंबा द्यायला आले, पण ते नक्की चाललंय काय हे बघायला आले होते. नमाजेनंतर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"मास्तर, ये किसने शुरू करवाया?"

"ते शाफई आहेत," मी म्हणालो. "त्यांच्यात रोज असते ही."

"रोज?"

"रोज. शांततेच्या काळातसुद्धा."

अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्लाह. मतलब हम कुछ बोले ही नहीं हैं और पूरा शहर बोल रहा है कि हम बोले हैं?"

संध्याकाळच्या तातडीच्या बैठकीत तर गंमतच झाली. दुआ चालू ठेवली तर ठराव मोडतो. बंद केली तर लोक म्हणणार, दम दिला म्हणून शेपूट घातलं. 'ही कोकण्यांची रोजची आहे' असं जाहीर करावं, तर जे लोक तीन दिवस रडले त्यांना काय वाटेल? "आप लोग समुंदर के कीड़े खाओ, हमने कभी कुछ बोला?" अध्यक्ष मला म्हणाले. "मगर ये भी बता देते पहले कि फजर में क्या करते हो." डॉक्टर एकटे खुशीत होते. निवेदनाला जे जमलं नाही ते आपोआप झालं, म्हणून ते जास्तीचा समोसा खात होते.

चौथ्या दिवशी साहेब आले. त्यांना सामोरं जायचं काम मराठी खात्याचं. मी त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं, चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. शाफई कोण, हनफी कोण, कुनूत काय. साहेब सावंतवाडीचे. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे मास्तर, आमच्याकडे घरच्या आरतीत एक कडवं जास्त म्हणतात, शेजारी म्हणत नाहीत. तसंच ना?"

"अगदी तसंच."

"मग यात नवीन काय घडलं?"

"काहीच नाही."

"छान. मी 'रोजचंच आहे' असं कळवतो." उठताना ते थांबले. "पण ती माणसं रडत होती म्हणे?"

"आवाज चांगला आहे त्यांचा," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि हसून गेले. मला माझाच अभिमान वाटला. पोलीस मिटले, गोष्ट मिटली, असं मी धरून चाललो.

पण कमिटीला कोणीतरी जबाबदार हवं होतं. कमिटी म्हटली की ते हवंच असतं. शुक्रवारी नमाजेनंतर मौलानांना ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत, डॉक्टर खिडकीशी, मी टेबलाच्या कडेला, हातात चहाचा ग्लास. मौलाना नव्या धुतलेल्या कुर्त्यात आले. त्यांना वाटलं होतं, कायम करायचं बोलणं आहे.

अध्यक्ष गोड बोलले. आवाजाची तारीफ केली. मग विचारलं, "मौलाना, ये दुआ शुरू करने से पहले आपने किसी से पूछा था?"

मौलानांनी माझ्याकडे पाहिलं.

नमाज सुरू करण्याआधी इमाम मागे वळून रांग सरळ होण्याची वाट बघतो, तसं पाहिलं. घाई नाही, राग नाही. माणूस आपल्या जागेवर येईल, याची खात्री असलेलं बघणं ते. मी ग्लासातल्या चहाकडे बघत राहिलो. त्यावर साय धरली होती. सेक्रेटरीपदाची निवड पुढच्याच महिन्यात होती, आणि 'मास्तरांनी मुद्दाम करवलं' हे वाक्य मला अध्यक्षांच्या तोंडात स्पष्ट ऐकू येत होतं. डॉक्टरही माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, "पूछना चाहिए था इनको."

एवढंच. एका शब्दानंही खोटं नाही बघा त्यात. विचारायला हवंच होतं. त्यांनी विचारलंही होतं.

मौलानांनी माझ्यावरची नजर काढून अध्यक्षांकडे वळवली. मग म्हणाले, "जी. मेरी ग़लती है." आणि समोरची बिस्किटांची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली, कारण मी चहा नुसताच पीत होतो.

रविवारी ते गेले. 'तब्येत बरी नाही' असं सांगितलं गेलं. सोसायटीतल्या गृहस्थांनी हळहळून मला विचारलं, "काय झालं हो त्यांना?" मी म्हणालो, "शुगर." मौलानांना शुगर नव्हती.

यापुढचं तुम्हाला हसू आणेल. इमामसाहेब लग्न अर्धं टाकून परत आले. फजरला दीड रांगेऐवजी सहा रांगा दिसल्या. लोक विचारू लागले, दुआ का थांबली? इमामसाहेब मुरलेले. त्यांनी अध्यक्षांना सांगितलं, "चौकी को तो बता चुके हो कि रोज़ का है. तो अब रोज़ करने में क्या हर्ज है?" आणि त्यांनी स्वतः, हनफी असून, खरीखुरी संकटाची कुनूत सुरू केली. चांगली महिनाभर चालली. कोणी आलं नाही, कोणी अडवलं नाही, दवाखान्याची मशिनं चालू राहिली, जोशीकाकू मालिकेला शिव्या घालत राहिल्या. काही दिवसांनी अध्यक्षच लोकांना सांगू लागले, "हमारी मस्जिद ने सबसे पहले शुरू किया था." मला सेक्रेटरी म्हणून पुन्हा निवडलं. हारही घातला.

मौलानांना परत बोलवा, असं मी एकदा हळूच सुचवलं. पण खोलीत तोवर डायलिसिसच्या सामानाची खोकी रचली होती. डाव्या हाताच्या खिडकीपर्यंत.

मागच्या वर्षी मी हर्णैला गेलो. माफी मागायला गेलो होतो, बायकोला सांगितलं आंबे आणायला जातो. मौलाना फाटकापाशी उभेच होते, लुंगी एका हातात. "मास्तर आले, मास्तर आले," असं ओरडून त्यांनी आख्खी वाडी गोळा केली. मला बोलूच दिलं नाही. सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, तांदळाच्या भाकऱ्या. मी तोंड उघडलं की त्यात घास. वाडीतल्या लोकांना ते कोळिणीचा टकला नवरा सांगत होते, आणि दर वेळी त्याचे रुपये वाढत होते.

चहा मुलीनं आणला. ती दापोलीच्या कॉलेजात जाते, पहाटेच्या गाडीनं. विज्ञान नाही मिळालं, कॉमर्स करते. तिनं विचारलं, "साखर किती, चाचा?" मग कप ठेवताना म्हणाली, "अब्बा सांगतात, तुम्ही मुंबईत त्यांना खूप सांभाळून घेतलंत." ती हसली नाही. मी साखर नको म्हणालो, तरी तो चहा मला फार गोड लागला.

दुसऱ्या पहाटे मी त्यांच्या मागे नमाजेला उभा राहिलो. त्यांनी हात उचलले. वाडीतले कोळंबी सोलणारे, बोटीवरचे, सगळ्यांनी मोठ्यानं आमीन म्हटलं. कोणी रडलं नाही. रोजचंच होतं ना त्यांचं. माझ्याच्यानं मात्र आमीन झालं नाही.

ते मला एस.टी.वर सोडायला आले. गाडीत बसवून खिडकीतून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी दिली. कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, "मौलाना, त्या शुक्रवारी ऑफिसात—"

"पुडी मांडीवर ठेवा, मास्तर," ते म्हणाले. "खाली ठेवलीत तर अंधेरीपर्यंत सगळी गाडी शिव्या देईल." आणि गाडीबरोबर चार पावलं चालत ते हात हलवत राहिले.

वाक्य तसं लहान होतं. रात्री तीनदा पाठ केलं होतं. हिंदीत नाही, आपल्या मराठीत, जी बोलण्यासाठी त्या ट्रस्टनं मला ठेवलं होतं. मौलाना, तुम्ही विचारलं होतंत. वर्सोव्याहून येताना, हातात पिशवी होती तुमच्या. म्हणा म्हणून मीच सांगितलं होतं. मला माफ करा.